ओल्या पाटातला पंजा

नुकत्याच कालवलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसचा थंड, कोरा वास आला की मला जळगाव जामोदकडचं आमचं कपाशीचं शेत आठवतं. मी तेव्हा कॉलेजात फॉरेन्सिक सायन्सच्या कोर्सला होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. शेतातल्या ओल्या पाटात कुणाला तरी मोठे पंजे उमटलेले दिसले आणि बिबट्याच्या भीतीनं एकही बाई वेचणीला येईना; फुटलेला कापूस झाडांवरच लोंबत राहिला. काकू मला म्हणाली, "तू मुर्दे पाहाचंच शिकून राह्यली ना? मंग हे बी पाहून सांग." प्रॅक्टिकलच्या सरावासाठी आणलेली पांढरी पूड मी पाण्यात कालवली आणि एका ठशात ओतली. साचा वाळल्यावर उचलला, तर बोटांपुढे नखांच्या खुणा स्पष्ट उमटलेल्या. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, हे आम्हाला शिकवलं होतं. तरी खात्री करावी म्हणून शेजाऱ्यांच्या दांडग्या कुत्र्याला भाकर दाखवून चिखलातून चालवलं, त्याचाही साचा घेतला आणि दोन्ही साचे बायांपुढे मांडले. त्या वाकून वाकून पाहू लागल्या. "अवं, हा तं आपल्याच गल्लीतला!" एक म्हातारी ओरडली आणि सगळ्या हसत सुटल्या. काकूनं कापसासाठी कमरेला ओटी बांधली, "चाला व बायाहो," म्हणाली आणि सगळ्यांत आधी शेतात शिरली. आता मी प्रयोगशाळेत अहवालांवर सह्या करते. ते कुठं जातात, कुणाच्या कामी येतात, मला दिसत नाही. पण माझ्या सांगण्यावर विसंबून माणसं निर्धास्त चालत गेलेली मी त्या सकाळी डोळ्यांनी पाहिली आहेत.