लांबट वृंदावन

भोपाळच्या पोलीस कचेरीत माझी नोंद 'परदेशी विद्यार्थिनी' अशी झाली, तेव्हा समोरच्या अंमलदारानं माझ्या तेल लावलेल्या वेणीकडे आणि शेजारी उभ्या असलेल्या काकांच्या काळ्या टोपीकडे आळीपाळीनं पाहिलं. माझा पासपोर्ट झांजिबारचा, म्हणजे इंग्रजांच्या छत्राखालचा. "अंग्रेज़ चले गए, आप रह गईं," असं म्हणून त्यानं शिक्का मारला. काकांना तो विनोद मुळीच रुचला नाही. मला रुचला, कारण तोवर माझ्याबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

वडील झांजिबारला शाळामास्तर होते. मी तिथंच जन्मले आणि घरात मराठी, दारात स्वाहिली बोलत वाढले. पुढचं शिक्षण हिंदुस्थानात व्हावं ही वडिलांची हौस, आणि मुलीनं कुणाच्या तरी नजरेखाली राहावं ही आईची अट. आईची धाकटी बहीण तेव्हा नुकतीच नागपूर सोडून भोपाळला आली होती. राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि मावशीचे यजमान सचिवालयात कारकून असल्यामुळे त्यांना भोपाळच्या गाडीत बसावं लागलं. "आधी फायली चढवल्या, उरलेल्या जागेत आम्हाला," असं काका येईल-जाईल त्याला सांगत.

कॉलेजात समाजशास्त्र नुकतंच सुरू झालं होतं. परदेशी विद्यार्थिनी येणार म्हणून वर्गातली मुलं गोऱ्या मडमेची वाट पाहत होती. त्यांची चांगलीच फजिती झाली. आमचे प्राध्यापक लखनौकडचे, अतिशय सभ्य आणि अतिशय लांबण लावणारे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: निरीक्षकानं पाहावं, ऐकावं, पण जे चाललंय त्यात हात घालू नये. मी ते वहीत लिहून घेतलं. आज ते मला मूर्खपणाचं वाटतं, पण त्या वर्षी मी त्याच्या आडोशाला पुष्कळ दिवस काढले.

नव्या सरकारी क्वार्टरांच्या भिंती तेव्हा जेमतेम कमरेएवढ्या वर आल्या होत्या. म्हणून काकांना जुन्या शहरात एक घर मिळालं होतं. घरचे लोक पाकिस्तानात गेलेले, घर सरकारच्या ताब्यात. जाड भिंती, उंच छत, मधे फरसबंद अंगण, आणि अंगणाच्या एका कडेला चुन्याचा एक बुटका ओटा. लांबट. मधोमध मातीची मोकळी पट्टी. त्या पट्टीत मावशीनं तुळस लावली होती. संध्याकाळी दिवा, सकाळी पाणी, हळदकुंकू, प्रदक्षिणा, सगळं यथासांग.

"त्यांच्याही आधी कुणी हिंदू राहत असणार," मावशी मला पहिल्या संध्याकाळी म्हणाली. "बघ, वृंदावन आयतंच मिळालं. जरा लांबट आहे, पण इकडची पद्धत असेल."

वृंदावन चौकोनी असतं हे मला झांजिबारमध्ये वाढूनही ठाऊक होतं. आणि लांबट ओटा कशाचा असतो हेही ठाऊक होतं, कारण तिकडे आमच्या शेजारच्या घरांच्या अंगणात तसे ओटे होते, मोठ्यांचे मोठे आणि लहानांचे लहान. हा फारच लहान होता. मावशी हात जोडून डोळे मिटून उभी होती.

न्हाणीघर अंगणापलीकडे होतं. दर वेळी त्या ओट्याला वळसा घालून जावं लागे. झांजिबारला कुणाच्याही घरात शिरताना दारातून 'होडी' म्हणतात, म्हणजे 'येऊ का?' माझ्या तोंडून अंगण ओलांडताना तो शब्द आपोआप निघायला लागला, अगदी हळू. उत्तर येत नसे, अर्थात. पण दुपारी घर शांत असलं की मला वाटे, कुणीतरी ऐकतंय. खेळ थांबवून मूल जसं दाराकडे बघतं, तसं. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, पुस्तकं वाचलेली, आणि भर दुपारी अंगण ओलांडायला घाबरत होते. हे मी कुणाला सांगणार?

मावशीला तर नाहीच. नागपूरला तिची दोन बाळं गेली होती. एक जन्मतःच, दुसरं काही दिवसांचं होऊन. त्यानंतर बरीच वर्षं काही नाही. आणि भोपाळला आल्यावर, तुळस लावल्यावर, तिला दिवस गेले. तिच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता: या तुळशीनंच दिलं. (ती मुलगी पुढे सुखरूप झाली आणि आता चांगली आजी झाली आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा त्याच काळजीत राहील. आम्हाला मात्र तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं.)

त्या सहामाहीत प्राध्यापकांनी आम्हाला आपापल्या मोहल्ल्यात पाठवलं. घरोघरी जायचं, कोण कुठून आलं, कोण गेलं, विचारायचं. मी मुलगी असल्यामुळे मला आतल्या बायकांपर्यंत जाता येई. आमच्या मागच्या गल्लीत एका माडीवरच्या खोलीत एक विधवा बाई एकटीच राहत होती. पन्नाशीची असेल. शिवणकाम करायची. मी माझे प्रश्न विचारले, तिनं सुपारी कातरत उत्तरं दिली. मग तिनं मला विचारलं, "बिटिया, तुम उसी घर में रहती हो ना? जहाँ शाम को दिया जलता है?"

मी हो म्हटलं.

"छत से दिखता है," ती म्हणाली. अडकित्ता तिनं खाली ठेवला. ते घर तिच्या थोरल्या दिराचं. ती तिथंच नांदली. दीर सगळं कुटुंब घेऊन कराचीला गेला, तिनं मात्र जायला नकार दिला. घर दिराच्या नावावर, त्यामुळे तेही सरकारजमा झालं. का नाही गेलीस, हे मी विचारलं नाही. माझ्या प्रश्नांत तो प्रश्न होता, चांगला लिहून दिलेला, पण मला तो तोंडातून काढवला नाही.

तिनंच सांगितलं. "बेटी को छोड़के कैसे जाती."

तीन वर्षांची होती. तापात गेली. घरातल्या मोठ्यांनी अंगणातच जागा दिली. "पहले तो लगा, जाके तुम्हारी ख़ाला से लड़ूँ," ती म्हणाली. "फिर देखा, रोज़ पानी देती है. रोज़ रोशनी करती है. हमारे यहाँ भी क़ब्र पर रेहान लगाते हैं, ऐसी ही ख़ुशबू होती है उसकी. मैंने कहा, रहने दो." रेहान म्हणजे सब्जा, तुळशीचाच भाऊबंद. एवढं सांगून ती हसली. ते हसू मला अजून दिसतं, आणि दिसलं की बरं वाटत नाही.

मी घरी आले तर मावशी खुशीत होती. काकांनी गवंडी ठरवला होता. तुळशीचं लग्न जवळ आलं होतं, आणि मावशीला यंदा नागपूरसारखं उंच, विटांचं, चौकोनी वृंदावन हवं होतं. "हे लांबट खणून काढायचं आणि नीट पाया घालायचा," ती म्हणाली. "देवानं इतकं दिलं, आपण एवढंही करू नये?"

सांगावं तर मावशी हाय खाईल. दोन बाळं गेलेली, तिसरं पोटात, आणि आपण रोज एका मुलीच्या कबरीभोवती फिरत होतो हे तिला कळलं तर? आणि न सांगावं तर गवंड्याच्या कुदळीखाली काय येईल, ते मला माहीत होतं. काकांना आडून सुचवून पाहिलं की खर्च कशाला, क्वार्टर मिळालं की सोडूनच जायचंय. काका म्हणाले, "बाईसाहेबांच्या डोहाळ्यात आम्ही पडत नाही." मग गवंडी यायचा त्या सकाळी मी निरीक्षक राहण्याचं सोडलं आणि मागच्या गल्लीत जाऊन त्या बाईला सांगितलं. तिनं उठून बुरखा घेतला.

मी परतले तोवर गवंडी आला होता. काका कचेरीत गेले होते. मावशी ओट्यापाशी उभी राहून त्याला कुठून खणायचं ते दाखवत होती, तेवढ्यात ही बाई दारातून आत आली. परकी बाई म्हणून नाही आली. तिला उंबऱ्याची उंची पाठ होती. सरळ ओट्यापाशी आली, चेहऱ्यावरचा पडदा वर केला आणि मावशीला म्हणाली, "बहन, इसे मत खोदिए. इसमें मेरी बच्ची है."

मावशीला हिंदी चांगली कळत होती. तरी ती माझ्याकडे वळली. "ही काय म्हणते गं?"

मी सांगितलं. मराठीत सांगताना ते जास्तच भयंकर वाटलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

मावशीनं ओट्याकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं, आणि पोटावर हात ठेवला. मला वाटलं आता ही किंचाळणार, आता न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून पाणी घेणार. पण ती त्या बाईला म्हणाली, मराठीतच म्हणाली, "तुमचं बरं आहे. तुम्हाला जागा तरी माहीत आहे."

गवंड्याला तिनं हातानंच जायला सांगितलं आणि आत निघून गेली. बाई थोडा वेळ ओट्यापाशी बसली, ओठ हलवत राहिली, मग उठून गेली. मावशी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

संध्याकाळी काका आले, टोपी खुंटीला लावली, चहा घेतला. मावशी त्यांच्यासमोर पाटावर बसली. "आपली दोघं कुठं आहेत?" तिनं विचारलं.

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं. तान्ह्या बाळांना आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. पुरुष घेऊन जातात, बाईनं जायचं नसतं, विचारायचंही नसतं. तिनं इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

"नदीकाठी," काका म्हणाले.

"कुठल्या बाजूला? झाडाखाली? देवळाजवळ?"

काकांनी कप खाली ठेवला. "खूण करायची नसते," ते म्हणाले. "पाऊस होता. आता मला दाखवता येणार नाही."

मावशी उठली. मला वाटलं, आता दिवा लागायचा नाही. अंधार पडत आला तरी ती स्वयंपाकघरातच होती. त्या अंगणाला मी कधी घाबरले असेन तर त्या संध्याकाळी. ओटा आणि तुळस दोन्ही दिसेनाशी झाली. मागच्या गल्लीतल्या छतावर कुणीतरी उभं होतं, तेवढं मात्र दिसत होतं.

मग मावशी हातात दिवा घेऊन बाहेर आली. तिनं तो ओट्यावर ठेवला, पण प्रदक्षिणा घातली नाही. मला म्हणाली, "तिला बोलावून आण." दिवसभरातलं माझ्याशी पहिलं वाक्य.

मी आणली. दोघी ओट्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मावशीनं पदर सारखा केला आणि तिच्या नागपुरी हिंदीत, शाळेतल्या मुलीनं बाईंना विचारावं तसं, विचारलं, "मेरे भी दो हैं. कहाँ हैं, किसी को मालूम नहीं. उनका दिया भी यहीं लगाऊँ तो चलेगा क्या?"

ती बाई खाली वाकली. वाऱ्यानं फडफडणाऱ्या ज्योतीभोवती तिनं दोन्ही हातांचा आडोसा धरला, आणि मान वर न करता म्हणाली, "लगाइए. जगह बहुत है."