कडुलिंबाचा उपाय

सारंगखेड्याची आमची अडीच वर्षांची नात भूमिका कुणाचं उष्टं खात नाही आणि दूध बाटलीशिवाय पीत नाही. सोमवारपासून अंगणवाडी, तिथे बाटली चालणार नाही. तेव्हा गल्लीतला स्वयंघोषित बालतज्ज्ञ, म्हणजे मीच, पुढे सरसावलो. बाटलीच्या निपलला कडुलिंबाचा रस चोळला आणि पुरेसा कडू झालाय का, हे पाहायला डोळे मिटून चोखू लागलो. तेवढ्यात आमची मंडळी, सिंधुबाई, नातीला कडेवर घेऊन दारात उभी!

"आते तुम्हले पाळनामा टाकू का?" तिने नातीच्या पाळण्याकडे बोट दाखवलं.

भूमिकेने उष्ट्या बाटलीला हातही लावला नाही. मुकाट पेल्यातून दूध प्यायली. बाटली कायमची सुटली. आता फक्त पाहुणे आले, की ती शोधून आणते आणि माझ्या हातात देते.

"आबा, तुन्ही बाटली!"