मामंजी आणि पावडरीचा डबा

आमचे मामंजी धोतराच्या ज्या सोग्यानं खोंडाचं नाक पुसत, त्याच सोग्यात बांधून आणलेली जिलेबी माझ्या हातावर ठेवत. "खा सूनबाई, गरम हाय." जिलेबी गरम असे हे खरं. तिला आणखी काय काय चिकटलेलं असे ते सांगत नाही, तुमची जेवायची वेळ असेल. मी तोंड फिरवून ती गाडीच्या चाकामागं टाकत असे. तिथं टपून बसलेलं कुत्रंसुद्धा ती हुंगून बाजूला होई.

मी सांगलीची, नळाच्या पाण्यावर आणि वासाच्या साबणावर वाढलेली. बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि लग्न होऊन सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आले. नवरा पलटणीत. घरात सासरे म्हणजे मामंजी, सासूबाई म्हणजे आत्याबाई आणि धाकटे दीर. पौष आला की या तिघांना औंधच्या जत्रेचं वेड लागे. पहाटे गाडी जुंपायची, भाकऱ्यांचं गाठोडं घ्यायचं, खोंड मागं बांधायचा आणि निघायचं. यमाईदेवीचं दर्शन घटकाभरात उरके. उरलेला सगळा दिवस जनावरांच्या बाजारात जाई.

त्या बाजाराची आठवण झाली की अजून मी पदर नाकाला लावते. घोट्यापर्यंत शेणमूत, गुळाच्या शेवेवर काळ्याभोर माश्या, एकाच पेल्यात बुडवून बुडवून विकलेलं सरबत. पानाच्या पिचकाऱ्या कुठून येतील याचा नेम नाही. आत्याबाई त्यातच फतकल मारून बसत आणि म्हणत, "बस की गं, जत्रंला आलीयास, न्हाई व्हय?" मी दिवसभर उभी राही. रात्री घरी आल्यावर पाय घासघासून धुई, तरी तो वास दोन दिवस जात नसे.

मामंजींना मात्र तोच वास हवा असे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून ते जनावर नाकानं बघत. कुणाचाही बैल असो, त्याच्या मानेला आपला देवीच्या वणांनी भरलेला गाल लावायचे, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे आणि त्याला चारा काय घालतात, तो दुखणाईत आहे का, सगळं सांगायचे. "डोळ्याला कोन बी फसवंल," ते म्हणत, "नाकाला फसवून दाव." मला ते बघवत नसे.

त्यांना स्वतःला शेणाची किळस नव्हती, माश्यांची नव्हती. त्यांना किळस होती ती नटवलेल्या जनावरांची. कुणी शिंगं घासून काजळी चोळायचा, कुणी जत्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात ताठ उभं राहावं म्हणून बैलाला दारू पाजायचा. असा बैल नाकाखालून गेला की मामंजी थुंकत. "थू! ह्यांच्यापरीस माश्या बऱ्या. त्या काय लपवत तर न्हाईत."

त्यांचा खोंड हिऱ्या, दुधासारखा पांढरा खिलार. फक्त डाव्या खांद्यावर तळहाताएवढा तांबूस डाग. त्या डागापायी दोन वर्षं प्रदर्शनात दुसरा नंबर आला. मामंजी फार हळहळले. "एकदा पयला नंबर घिऊ दे," त्यांनी यमाईसमोर सांगून टाकलं, "मग ह्या जत्रंचं नाव काढनार न्हाई." हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. एक डाग झाकला की म्हाताऱ्याची हौस फिटेल आणि माझी या घाणीतून कायमची सुटका होईल.

कल्पना माझीच. भावजींचं नाव पुढं करून मी सुटणार नाही, त्यांनी फक्त कासरा धरला. तिसऱ्या वर्षी मामंजी देवळात गेल्याबरोबर मी माहेरून आणलेला, रोज तोंडाला लावायच्या वासाच्या पावडरीचा डबा काढला, ओल्या बोटांनी डागावर थर दिला आणि केस सारखे केले. पंच त्या वर्षी नवे होते. भावजींनी हिऱ्याला रिंगणात फिरवलं, आम्ही दोरीबाहेर उभे राहिलो. पहिला नंबर आला! मामंजींना रिंगणात बोलावून गुलाल लावला, फेटा बांधला. माणूस लहान लेकरासारखा रडत होता. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी हिऱ्याच्या खांद्याला गाल लावला आणि लांब श्वास घेतला.

ते मागं झाले तेव्हा त्यांच्या गालाच्या वणावणांत पावडर बसली होती. चेहऱ्यावर जी किळस आली, तशी मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही, माझ्या स्वतःच्याही नाही. त्यांनी डोक्यावरचा फेटा सोडला, बादलीत बुडवला आणि भर रिंगणात खांदा खसाखसा पुसला. "पंच, हितं डाग हाय. मला दिसत न्हाई, तुमाला बी दिसला न्हाई. नंबर दुसऱ्याला द्या." लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "आवं, समदेच करत्यात!" मामंजी त्या दिशेला थुंकले.

गाडीपाशी आत्याबाईंनी भाकरी पुढं केली. ज्या माणसाला जेवताना हात धुतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, तो शेजारच्या गाडीवाल्यांच्या चुलीतली राख घेऊन तीनदा हात धूत होता. मग वास घेई आणि पुन्हा धुई. रागावले नाहीत. माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाले, "शेन धुतलं की जातं, सूनबाई. ह्ये जाईना बग." त्यांना माझी शिसारी आली होती. मला जमीन दुभंगावी असं झालं.

नंबर आलाच नाही, तेव्हा जत्रा सुटायचा प्रश्न नव्हता. पुढची चार वर्षं तोच हिऱ्या, तोच डाग, दुसरा नंबरही नाही. "हाय तसा हाय," मामंजी सांगत. माश्या मला शेवटपर्यंत आवडल्या नाहीत. जिलेबी मात्र मी डोळे मिटून गिळू लागले.

ते गेल्यावर नवऱ्यानं काढलेला त्यांचा एकुलता एक फोटो मी मोठा करायला सांगलीत दिला. आणायला गेले तर फोटोवाला खुशीत म्हणाला, "बघा वहिनी, देवीचे वण सगळे काढून टाकलेत. गाल कसा गुळगुळीत!"

मला पावडरीचा वास आला. "शी! वण परत घाला," मी म्हटलं.

"अहो, लोक मुद्दाम सांगून काढून घेतात."

"आमचे मामंजी घेत नसत."

तो फोटो आज भिंतीवर आहे, सगळे वण जागच्या जागी. काचेवर धूळ बसली की मी पदरानं पुसते. त्याच पदरानं मघाशी नातीचं नाक पुसलेलं असतं. सून बघते आणि तोंड फिरवते.