टॉवेलाखालची बोटं

"दात बघितल्याबिगर बोलायचं न्हाई," असं म्हणून बाबा समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मग तो डॉक्टर असो, नाहीतर माझ्यासारखा वॉर्डातला मदतनीस. उभा जन्म घोडेगावच्या बाजारात दात बघून बैलांचं वय ओळखण्यात आणि सौदे जमवण्यात गेलेला. आमच्या मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून आले, साऱ्या वॉर्डाचे बाबा झाले, तरी सवय सुटेना. गोळी दिली की पाकिटावरचं नाव मला वाचायला लावायचे आणि तेच परत सिस्टरकडून वाचून घ्यायचे.

आले तेव्हा आजारी होते, हे खरं. बायको गेल्यापासून जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय म्हणून अन्न सोडलं होतं. दीड महिन्यात सावरले, दोन-दोन भाकरी खाऊ लागले. घरी जातो म्हणाले, तर मुलगा म्हणे, अजून राहू द्या. डॉक्टरांनीही मान डोलावली.

भिंतीवर रुग्णांच्या हक्कांची पाटी होती. मर्जीविरुद्ध ठेवलंय असं वाटलं तर रुग्णाला सरकारी मानसिक आरोग्य मंडळाकडे अर्ज करता येतो, हे मीच त्यांना वाचून दाखवलं. तेही सात वेळा. अर्ज माझ्या अक्षरात, अंगठा त्यांचा.

सुनावणीला मंडळाचे तिघं आले. डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने ठेवू. अध्यक्षांनी बाबांना आदरानं विचारलं, "तुम्ही किती दिवस राहायला तयार आहात?" बाबांनी मुलाकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. मग खांद्यावरचा टॉवेल हातावर पांघरला आणि तो हात अध्यक्षांपुढे धरला. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. बाबांनी हात आणखी पुढे केला. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं.

आता तुम्हीच सांगा, आमच्या बाजारात खरा आकडा कुणी तोंडानं बोलतं का? टॉवेलाखाली बोटं दाबायची, समोरच्यानं बोटांनीच उत्तर द्यायचं. दहा कान ऐकत असताना आकडा बोलेल तो येडा. माझा बाप बैल विकायला जाताना मला न्यायचा, मला ती बोटं पाठ होती. मी दाराशीच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण डॉक्टरांसमोर तोंड उघडून नोकरीवर पाणी सोडायचं का, या भीतीनं मी गप्प राहिलो. अर्ज फेटाळला. कारण लिहिलं होतं, विसंगत वागणूक.

संध्याकाळी बाबांनी मला जवळ बोलावलं. "तुमच्यात जनावरं हुती का रं? तुला ही रीत म्हाईत असती तर तू बोलला असतास."

"नाही बाबा, आम्ही शहरातले," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच परत विचारलं नाही. साऱ्या जगावर संशय घेणारा माणूस, त्यानं विश्वास टाकला तो नेमका माझ्यावर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं काही सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी मुलगा न्यायला आला. निघताना बाबांनी टॉवेल काढला, माझा हात त्याखाली ओढला आणि दोन बोटं दाबली. हाताला लहानपणची सवय; माझ्याही नकळत मी त्यांची तीन बोटं दाबून उत्तर दिलं.

बाबांचा हात जागीच थांबला. या वेळी त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि मुलाच्या मागं फाटकाबाहेर गेले.

पाटी अजून भिंतीवर आहे. कुणी वाचून दाखव म्हटलं की वाचतो. पण ऐकणारा माझ्या तोंडाकडे बघतोय का, ते आधी बघून घेतो.