कॉफीला मारलेली हाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्या कानांवर तर मी रोज काहीबाही घालत असते.

मी एडिनबरात भाषाशास्त्र शिकवते. माझ्या प्रबंधाचा विषय होता कॉफीसाठीचा उसना शब्द. अरबीतून तुर्कीत, तिथून एका वाटेने सर्बो-क्रोएशियनमध्ये, दुसऱ्या वाटेने पोलंडमार्गे लिथुआनियनमध्ये. दोन्हीकडे त्याला सात विभक्ती लागल्या. लिथुआनियन रूपांसाठी मी लंडनमधल्या इल्फर्डला ओनाबाईंकडे जायचे. ऐंशीच्या पुढच्या, लिथुआनियातल्या आपल्या खेड्याची जुनी बोली बोलणाऱ्या. रेकॉर्डिंग त्या करू देत नसत, सगळं वहीत. आमच्या धंद्यात एकच सोवळं — शब्द त्यांच्या तोंडून यायला हवा, आपण त्यांच्या तोंडी घालायचा नाही.

सहा रूपं मिळाली. उरलं संबोधन. कॉफीला हाक मारतं कोण? पुढच्या खेपेला विचारू म्हटलं — आणि बाई गेल्या.

रकाना रिकामा ठेवता आला असता. का नाही ठेवला? माझ्या वहीत भोक दिसू नये, एवढंच. मी लिहिलं, ‘कावेले’. वर टीप — कॉफी उतू जायला लागली की बाई तिला लाडाने अशी हाक मारत. ही सवय खरं तर माझ्या आईची. ती दुधाला म्हणायची, अगं थांब गं बाई.

ओनाबाईंच्या मुलीने, राइमाने, प्रबंध मागून घेतला. आईचा आवाज तिच्याकडे कुठेच साठवलेला नव्हता. गेल्या वर्षी तिने मला घरी बोलावलं. म्हणाली, “तुझी टीप वाचली आणि एकदम आठवलं. आता किचनमध्ये गेले की आई ऐकू येते. रोज.”

तेव्हाच सांगायला हवं होतं — नाही का?

भरदुपार होती. शेगडीवर कॉफी वर चढली. राइमाने मान न वळवता हाक मारली, “कावेले...” आणि तो आवाज राइमाचा नव्हता. घोगरा, शेवटी किंचित फाटणारा. दोन वर्षं मी तो समोर बसून ऐकला होता. ओनाबाई माझा शब्द बोलत होत्या.

कॉफी खाली बसली.

राइमा माझ्याकडे बघत राहिली. “अशीच म्हणायची ना?”

“हो,” मी म्हटलं. “अगदी अशीच.”

ती रडली. मी तिची पाठ थोपटली, आणि तिने ओतून दिलेली कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.