छऱ्यांनी मांडलेला सामना

कल्याणीच्या मोटार स्टँडावरचा तो सायकल दुरुस्त करणारा मला एकदाच भेटला. नाव विचारायची अक्कल तेव्हा नव्हती. तोंड मात्र मला फार होतं. कल्याणी आणि आमचं राजेश्वर, दोन्ही गावांनी हुतुतूचा एकेक सामना जिंकला होता. कल्याणीत झालेल्या तिसऱ्यात, शेवटच्या चढाईत माझा थोरला भाऊ अण्णा बाद झाला. अण्णानं सामना विकला, अशी आमच्या गावकऱ्यांत तिथंच बोंब उठली. मी मोटारीची वाट पाहत पंचाला शिव्या देत होते.

तेलकट बोटांनी त्या सायकलवाल्यानं पोत्यावर सायकलीचे छरे मांडले. "मी रेघेजवळच होतो, अक्का. हे सातजण, मधी तुमचा गडी. सुटायलता की! बायकांतून कुणीतरी 'अण्णा' म्हणून हाक मारली, अन् ह्यो सवयीनं 'ओ' म्हणला. दम तुटला, खेल खलास."

"कोण ती अवदसा?" मी बेशरमपणे विचारलं.

"मालूम न्हाई. तिनं गावात खरं सांगितलं तर गड्याचं नाव धुऊन निघंल. सांगंल का?"

"न सांगायला काय झालं?" म्हणत मी मोटारीत चढले.

मी सांगितलं नाही. अण्णा पुन्हा मैदानात उतरला नाही. हाक बहिणीची, हे त्याला ठाऊक होतं. तोही गप्प राहिला. त्या गप्प राहण्याला मी जन्मभर त्याचा स्वभाव म्हणत आले.