जहाजांचं वाक्य

आमच्या शाळेत वादविवाद स्पर्धेची भाषणं मुलं लिहीत नाहीत, मी लिहिते. पनवेलमधल्या बऱ्याच शाळांत हेच चालतं आणि परीक्षकांनाही ते ठाऊक असतं. प्रत्येक शाळेच्या दोन मुली जातात. एक विषयाच्या बाजूनं बोलते, एक विरोधात. म्हणजे दोन्ही बाजू माझ्याच.

यंदाचा विषय होता, 'शत्रुत्व बाळगणाऱ्या राजवटीवर लष्करी कारवाई हाच उपाय'. बातम्यांत रोज इराण होताच, उदाहरण शोधावं लागलं नाही. विरोधातल्या भाषणात मी निर्बंध आणि वाटाघाटी घातल्या. राजवटीला कोंडून ठेवा, आतून झिजेल. लिहिताना जाणवलं, ती झिजेपर्यंत तिथली साधी माणसं औषधांवाचून मरतील. तो मुद्दा मी विषयाच्या बाजूनं होणाऱ्या भाषणासाठी राखून ठेवला. त्यात वर एक टाळीचं वाक्यही टाकलं, 'चार जहाजं बुडतील म्हणून पिढ्यान्‌पिढ्या धाकात जगायचं का?'

हे भाषण मी विचुंबे गावातून येणाऱ्या मुलीला दिलं, कारण तिचा आवाज मोठा. तिचे वडील तेलाच्या जहाजावर फिटर आहेत, आखातात ये-जा करतात, हे मला माहीत होतं. आमच्याकडे प्रत्येक वर्गात कुणाचे तरी वडील जहाजावर असतात. मी त्याचा विचारच केला नाही.

सरावाला दुसरी मुलगी तिला म्हणाली, "अगं, तू तर स्वतःच्या पप्पांनाच बुडवायला निघालीस!"

"आणि तू काय करतेस? निर्बंध लावून त्यांना घरी बसवतेस. मग आमी खायचं काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि म्हणाले, "असंच तोंड स्पर्धेत चालवा, हजरजबाबीपणाला गुण आहेत."

तालुक्याची फेरी कळंबोलीला झाली. जहाजांच्या वाक्याला टाळ्या पडल्या आणि विचुंब्याची मुलगी पहिली आली. तिच्या आईनं भाषण मोबाइलवर घेऊन वडिलांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी आई पेढे घेऊन शाळेत आली.

"बाई, आमच्या घरात चार लोकांत बोलनारं कुनी नाय. तुमी पोरीला उभी केलीत. हे ऐका." तिनं फोन पुढे धरला. मागे इंजिनाची घरघर, आणि वडिलांचा आवाज, "मस्त बोल्लीस गो! आमी सगल्यांनी मेसमधी बसून बघितला. पन त्या जहाजांच्या वाक्याला अजून जोर दे. तिथं जरा घाबरलीस."

मी पेढा घेतला आणि तासाला गेले.

मग इराणवर खरोखरच हल्ले सुरू झाले. मुलीच्या वडिलांचं जहाज आखातातल्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी इतर जहाजांसोबत नांगर टाकून थांबलं. फोन कधी लागतो, कधी नाही. शिक्षकांच्या खोलीत कुणी म्हणत होतं, हे आधीच करायला हवं होतं. कुणी म्हणत होतं, थांबायला हवं होतं. कुणीतरी मला विचारलं, "तुमचा तर अभ्यास आहे, तुम्ही सांगा." दोन्ही बाजूंचे मुद्दे मला आजही पटतात. पण मी चार जहाजं लिहिली तेव्हा त्यांवर माणसं नव्हती.

जिल्ह्याच्या फेरीच्या सरावाला मी ते वाक्य खोडलं. मुलीला म्हणाले, "तुला जायचं नसेल तर नको जाऊस. मी शाळेला सांगते."

"पप्पांनी जहाजावर सगल्यांना सांगितलंय. मी जानार."

ती बोलायला लागली. खोडलेल्या जागेशी आली आणि थांबली. पुढचं आठवेना. पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. महिनाभर मीच तिच्याकडून एकेक शब्द घोटून घेतला होता. मी जागेवर दुसरं वाक्य लिहून दिलं. तेही तोंडात बसेना. तिचे डोळे भरले, पण ती खाली बसली नाही.

"बाई, ते म्हटल्याशिवाय पुढचं येतच नाय."

फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

"म्हण," मी म्हणाले. "ते वाक्य म्हण आणि पुढे चल."

तिनं म्हटलं. वडिलांनी सांगितलं होतं तसं, जोर देऊन.